औषधाला कसला श्रावण?

काही पदार्थांच्या बाबतीत माणसांचे सरळ दोन तट पडतात. कारलं, शेपू, सुकट आणि काळीज ही त्यातली ठळक नावं. ज्याला काळीज आवडतं तो रविवारी सकाळी सातलाच मटणाच्या दुकानासमोर उभा राहतो, कारण एका बोकडाचं काळीज ते केवढं आणि मागणारी गिऱ्हाइकं किती! ज्याला आवडत नाही त्याला तव्यावरचा त्याचा वासही सहन होत नाही. मधला मार्ग सहसा कुणी धरत नाही.

ठाण्याच्या एका सीकेपी कुटुंबातली ती मुलगी या दुसऱ्या तटातली होती. तिच्या वडिलांचा रविवारचा एक ठरलेला कार्यक्रम असे. मटणाची पिशवी घरी आली की आधी त्यातलं काळीज वेगळं निघायचं. बाकीचं मटण धुऊन होईपर्यंत काळजाचे तुकडे लोखंडी तव्यावर तेलात परतले जायचे, वर मिरपूड, मीठ आणि लिंबू. मुलं तव्याभोवतीच बसायची. तिचा भाऊ दोन घास जास्त मिळावेत म्हणून वडिलांचे पाय चेपून द्यायचा. ती मात्र नाक मुरडायची. “डोळ्यांना चांगलं असतं, खा,” म्हणून वडील तिच्या तोंडात तुकडा कोंबायचे. ती तो गालात धरून मागच्या दारी जायची आणि कुंडीत थुंकून यायची. तो ओशट, मातकट वास आणि दाताखाली लागणारा भुसभुशीतपणा तिला कधीच जमला नाही.

१९९१ साली तिचं लग्न झालं. मुलगा बँकेत होता, मुंबईच्या शाखेत असताना ओळख झाली होती. घर मात्र काशीचं. दुर्गाघाटाजवळच्या गल्लीतलं, पाच पिढ्यांचं मराठी ब्राह्मण घर. सोवळंओवळं सांभाळणारी सासू, पाठशाळेतून निवृत्त झालेले संस्कृतचे शिक्षक सासरे. लग्नाला विरोध फारसा झाला नाही, पण सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, एकच गोष्ट विचारली होती, “तिला आपलं जेवण चालेल का रे?” मुलीनं होकार दिला. माहेरचे सगळे हळहळले. पोरीनं केवढा त्याग केला, असं आत्या-मावश्या म्हणत राहिल्या. खरं तर पापलेट सोडलं तर तिला कशाचीच आठवण येत नव्हती. आणि काळीज कायमचं सुटलं, याचा आनंदच होता.

काशीतलं मराठीपण

काशीत मराठी माणूस नवा नाही. शिवाजी महाराजांचा १६७४ साली राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचे, आणि त्यांचं घराणं मूळचं पैठणचं. विश्वनाथाचं आजचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली बांधलं. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई जन्मानं काशीच्याच, मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा घाट या परिसरातल्या गल्ल्यांमध्ये अजूनही मराठी पाट्या दिसतात, गणेशोत्सव होतो आणि बोलण्यात हिंदी शब्द मिसळलेले असले तरी पुरणपोळीला कटाची आमटीच लागते.

या घरांची एक गंमत आहे. त्यांना दोन पंचांगांत राहावं लागतं. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. त्यामुळे उत्तरेतला श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि पंधरा दिवस आधी संपतो. गल्लीत कावडिये ‘बोल बम’ म्हणत जात असतात, तेव्हा मराठी घरात आषाढ वद्य चालू असतो. गल्लीतले लोक राखीपौर्णिमेला श्रावण संपवतात, तेव्हा मराठी घरात अजून अर्धा श्रावण उरलेला असतो. माई दोन्ही पाळत. शेजारधर्म म्हणून एक आणि कुळधर्म म्हणून एक. असा त्यांचा श्रावण दीड महिन्याचा व्हायचा.

१९९५ च्या जून महिन्याच्या अखेरीस सुनेची प्रसूती झाली. मुलगी झाली. बाळ ठणठणीत होतं, पण बाळंतिणीला खूप रक्तस्राव झाला. दोन आठवड्यांनी तपासणी केली तेव्हा हिमोग्लोबिन ६.९ निघालं. बायकांमध्ये ते १२ च्या वर असायला हवं. जिना चढताना तिला धाप लागत होती, कानात आवाज होत होते, दूधही कमी पडत होतं. माईंनी अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खारीक, मेथी असं सगळं सुरू केलं होतं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या होत्या, पण लोहाची गोळी पोटात गेली की ती उलटून पडायची.

डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली, ती जेवणानंतर घ्यायला सांगितली आणि विचारलं, “मांसाहार करता का?” सून काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, “ही माहेरी करायची.” “मग आठवड्यातून दोनदा थोडी कलेजी द्या. आणखी कमी झालं तर रक्त चढवावं लागेल.”

त्या काळात रक्त चढवणं म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा यायचा. रिक्षातून परत येताना कुणीच बोललं नाही. गल्लीत मात्र श्रावणाचे भोंगे वाजत होते.

नानांची पोथी

मुलानं घरी येऊन जे सांगायचं ते सांगितलं. माई काही न बोलता उठल्या आणि देवघरात जाऊन बसल्या. सून खोलीत बाळाला घेऊन पडली होती. तिच्या डोक्यात दोन भीती होत्या. एक, या घरात आपल्यामुळे असलं काही शिजणार. दुसरी, ते आपल्याला खावं लागणार. कोणती मोठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

नानांनी कपाटातून सुश्रुतसंहिता काढली. काशीत बसून सुश्रुत उघडण्याला एक वेगळाच अर्थ आहे. तो ग्रंथच मुळी काशीत घडतो. काशीचे राजे दिवोदास धन्वंतरी यांनी सुश्रुत आणि इतर शिष्यांना दिलेलं शिक्षण, अशी त्याची मांडणी आहे. नानांनी उत्तरतंत्र उघडलं आणि मुलाला जवळ बोलावलं. ज्यांना रात्री दिसत नाही त्यांच्यासाठी तिथे बोकडाचं यकृत पिंपळीबरोबर खायला सांगितलेलं आहे. ज्यांचं रक्त फार गेलं त्यांच्यासाठीही बोकडाचंच यकृत. रक्त वाहून नेणाऱ्या मार्गांचं मूळच यकृत आणि प्लीहा, असं हे शास्त्र मानतं.

“नाना, तुम्ही हे शिकवत होता?” मुलानं विचारलं.

“शिकवत होतो. कधी कुणी करून बघेल असं वाटलं नव्हतं,” नाना म्हणाले.

नानांच्या पोथीला आधुनिक वैद्यकानंही पुढे दुजोरा दिला, हे विशेष. अमेरिकेत जॉर्ज व्हिपल यांनी रक्त कमी केलेल्या कुत्र्यांना यकृत खाऊ घातलं, तेव्हा त्यांचं रक्त झपाट्यानं भरून आलं. १९२६ साली मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी घातक रक्तक्षयाच्या रोग्यांना रोज पाव किलोच्या आसपास यकृत खायला लावलं आणि मरणाच्या दारातली माणसं उठून बसली. या तिघांना १९३४ सालचं नोबेल मिळालं. रोज पाव किलो काळीज! आवडणाऱ्यालाही आठवड्यात शिसारी यावी. त्यातलं गुणकारी द्रव्य म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व, हे कळायला आणि ते वेगळं काढायला १९४८ साल उजाडलं.

आपल्या मुंबईचाही या गोष्टीत वाटा आहे. लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. साधा यकृताचा अर्क लागू पडत होता, पण तो महाग. मग ‘मार्माइट’ हा यीस्टपासून केलेला स्वस्त अर्क त्यांनी देऊन पाहिला आणि त्यानंही गुण आला. त्यातलं द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. सुनेच्या उशाशी पडलेली गोळी ती हीच. परळ-लालबागच्या बायांच्या रक्तातून शिकलेली विद्या काशीच्या बाळंतिणीपर्यंत पोहोचली होती.

अर्थात माईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या तासाभरानं देवघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “आपला श्रावण लागायला अजून बारा दिवस आहेत.”

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. आजवर दोन्ही श्रावण पाळणाऱ्या माईंनी त्या दिवशी पहिल्यांदा हिशेब केला की गल्लीतला श्रावण गल्लीचा, आपला आषाढच चालू आहे. मग त्यांनी अटी सांगितल्या. स्वयंपाकघरात नाही, गच्चीवर. तवा वेगळा, ताटली वेगळी. आणि कांदा-लसूण नाही, कारण चातुर्मास लागला आहे.

“काळीज चालेल आणि कांदा नाही?” मुलगा हसत म्हणाला.

“ते औषध आहे. कांदा काही डॉक्टरांनी सांगितलेला नाही,” माई म्हणाल्या.

गच्चीवरची शेगडी

आता करणार कोण? माईंनी जन्मात मांसाला हात लावलेला नव्हता. सुनेच्या आईला गुडघ्यांमुळे येता येत नव्हतं, पण तिनं तातडीनं अंतर्देशीय पत्रावर सगळी कृती लिहून पाठवली. काळीज मदनपुऱ्यात राहणाऱ्या बँकेतल्या सहकाऱ्यानं आणायचं कबूल केलं. तो स्टीलच्या डब्यात, वर फडकं बांधून घेऊन आला. त्यानंच सांगितलं की बकरी ईदला कुर्बानीनंतर घरात सर्वांत आधी कलेजीच शिजते, कारण ती दहा मिनिटांत होते आणि सकाळपासून थांबलेली मंडळी भुकेली असतात. “ताजी आहे. रंग बघा, चकाकतो आहे. वास अजिबात नाही,” तो म्हणाला. माईंनी डब्यात पाहिलं नाही, पण त्याला पेढा दिला आणि चहा पाजला.

शिजवायला पलीकडच्या गल्लीतल्या बंगाली बाई आल्या. काशीत बंगाली वस्तीही जुनी. कांदा-लसूण नाही म्हटल्यावर माईंना वाटलं, या अडून बसतील. पण त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. कालीपुढच्या बळीचं मटण त्यांच्याकडे कांदा-लसणाशिवायच होतं. आलं, जिरं, हिंग, दही एवढंच. आणि त्याला त्या चक्क ‘निरामिष’ म्हणतात!

माई गच्चीच्या दारात, उंबऱ्याच्या अलीकडे, पाट टाकून बसल्या आणि विहीणबाईंचं पत्र मोठ्यानं वाचू लागल्या. बंगाली बाई पलीकडे शेगडीपाशी. वाचलेलं माई हिंदीत करून सांगायच्या. ती कृती अशी होती:

पाव किलो काळीज आधी धुऊन घ्यावं. वरचा पातळ पडदा आणि आतल्या जाड नळ्या काढून टाकाव्यात, नाहीतर खाताना चिवट लागतात. बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करून अर्धा तास ताकात किंवा दुधात ठेवावेत. त्यानं उग्र वास कमी होतो. मग निथळून आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर यांचं वाटण आणि हळद लावावी. लोखंडी तव्यावर तेल चांगलं तापवून जिरं-हिंग घालावं, तुकडे टाकावेत, मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परतावेत. मग आच कमी करून झाकण ठेवावं आणि पाच-सहा मिनिटं वाफ आणावी. आत लाल राहता कामा नये, पण जास्त शिजलं तर रबरासारखं होतं. मीठ शेवटी घालावं, आधी घातलं तर काळीज घट्ट होतं. वरून मिरपूड आणि भरपूर लिंबू.

लिंबाचं कारण विहीणबाईंनी चवीसाठी म्हणून लिहिलं होतं. पण आंबट फळांतल्या क जीवनसत्त्वामुळे गोळ्यांतलं आणि भाजीपाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं. मांसातलं लोह तसं भाजीपाल्यातल्या लोहापेक्षा शरीराला सहज घेता येतं. शंभर ग्रॅम बोकडाच्या काळजात ते सुमारे सहा-सात मिलिग्रॅम असतं.

पहिल्या दिवशी ताटली सुनेसमोर आली. माई समोर बसल्या होत्या. तिनं पहिला घास तोंडात घातला. ताकानं वास कमी झाला होता, आल्यानं आणखी झाकला होता, पण दाताखाली तेच लागलं. लहानपणीचं. इथे मागच्या दारी कुंडी नव्हती आणि समोर माई होत्या. तिनं गिळलं. डोळ्यांतून पाणी आलं. माईंनाही गहिवरून आलं. “किती वर्षांनी मिळालं ना गं?” त्या म्हणाल्या, “मला मेलीला कधी सुचलंच नाही.”

ती काहीच बोलू शकली नाही.

एक साधा कबुलीजबाब

असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला आषाढातली अमावास्या आली. महाराष्ट्रात त्या दिवशी दिवे पुजतात, आणि खाणारे लोक श्रावणाआधीचं शेवटचं मटण खाऊन घेतात. माईंनी पाटावर दिवे मांडले. संध्याकाळी त्या सुनेच्या खोलीत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा ओढलेला होता. “उद्यापासून आपला श्रावण,” त्या म्हणाल्या. “मला कळत नाही काय करावं. तुझी आवड मोडायची म्हणजे... आणि अजून रक्त पुरतं भरलेलं नाही.”

सुनेला राहवलं नाही. ती म्हणाली, “माई, रागवू नका. मला काळीज लहानपणापासून आवडत नाही. तुम्ही एवढं केलंत म्हणून मी खात होते.”

माई क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. मग हसू लागल्या. तोंडावर पदर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “अगं, मला अळिवाची खीर आवडत नाही,” त्या म्हणाल्या. “तीन बाळंतपणं मी ती नाक दाबून प्याले. सासूबाई समोर बसायच्या.”

हसणं ओसरल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “आवडीनं खाल्लं असतंस तर श्रावण मोडला असता. नावडतं असून खातेस, म्हणजे ते औषधच झालं. औषधाला कसला श्रावण?”

तो सगळा श्रावण शेगडी गच्चीवर राहिली. सोमवार आणि शनिवार तेवढे माईंनी वगळले. कुणी शेजारणीनं विचारलं तर त्या स्पष्ट सांगत, “सुनेचं औषध होतं आहे.” अळिवाची खीर मात्र दुसऱ्या दिवसापासून बंद झाली, त्याऐवजी अळीव लाडवात जाऊ लागले.

सात आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. हिमोग्लोबिन १०.४ होतं. त्यात गोळीचा वाटा किती आणि काळजाचा किती, हे सांगणं अवघड. बदललेली गोळी तिला सोसली होती, हेही खरं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवल्या आणि कलेजी थांबवली तरी चालेल म्हणाल्या. त्या रात्री सून पोटभर वरणभात जेवली.

आज

या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली. माई आणि नाना दोघेही नाहीत. गच्चीवरचा तो तवा मात्र अजून आहे. त्या वेळची बाळ आता पुण्यात नोकरी करते, आणि नशिबाची थट्टा अशी की तिला काळीज मनापासून आवडतं. मालवणी घरातल्या मैत्रिणीकडचं भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातलं तिनं खाल्लं आहे, कोल्हापूरचं कांदा-लसूण चटणीतलंही, आणि मुंबईच्या पारशी उपाहारगृहातली कोंबडीच्या काळजाची ‘अलेटी-पलेटी’ सुद्धा. आजोबांच्या तव्यावरचं वेड एक पिढी ओलांडून तिच्याकडे आलं असावं.

गेल्या वर्षी ती गरोदर राहिली तेव्हा तिनं काशीला फोन केला, “आई, हिमोग्लोबिन थोडं कमी आहे. रोज कलेजी खाऊ का?” आईनं ठामपणे नाही म्हणून सांगितलं. काळजात अ जीवनसत्त्व फार असतं आणि गरोदरपणात त्याचा अतिरेक झाला तर पोटातल्या बाळाला धोका संभवतो, म्हणून त्या महिन्यांत डॉक्टर काळीज टाळायला सांगतात. ज्यांना युरिक ॲसिडचा किंवा कोलेस्टेरॉलचा त्रास आहे त्यांनीही विचारूनच खावं. निरोगी माणसाला आठवड्यातून एकदा थोडं पुरे. “तू गोळ्या घे, पालेभाजीवर लिंबू पिळ, जेवणावर चहा पिऊ नकोस,” आईनं सांगितलं.

बाळंतपण नीट पार पडलं. सव्वा महिन्यानंतर मुलीचा पुन्हा फोन आला. आता परवानगी होती आणि तिला काशीचीच कृती हवी होती. आईनं कपाटातून ते अंतर्देशीय पत्र काढलं. घडीवर फाटलेलं, हळदीचे डाग पडलेलं. स्वतः कधी आवडीनं न खाल्लेल्या पदार्थाची कृती ती फोनवर सावकाश वाचून दाखवू लागली. धुणं, पडदा, ताक, वाटण. शेवटी समासात माईंच्या अक्षरातल्या दोन ओळी होत्या, त्याही तिनं वाचल्या. मीठ शेवटी. कांदा नाही.

“कांदा घातला तर चालेल का गं?” मुलीनं विचारलं.

“चातुर्मास संपला की घाल,” आई म्हणाली.